अँकी की चिठ्ठ्यांचा डबा? (जर्मन शब्द पाठ करणाऱ्यांसाठी)

बी१ची (जर्मनची मधली पातळी) तयारी करणाऱ्या दोघातिघांनी विचारलं, शब्द पाठ करायला अँकी ॲप बरं की चिठ्ठ्यांचा डबा, म्हणून एकदाच लिहून टाकतो. दोन्ही वापरून झालंय माझं, अँकी साधारण आठ महिने आणि त्यानंतर वर्षभर डबा. यादी परत परत वाचण्यापेक्षा उत्तर झाकून स्वतःला विचारलं की जास्त टिकतं, आणि विसरायच्या बेतात असताना विचारलं की अजूनच टिकतं, हे तुम्हाला माहितीच असणार. दोन्हीचा पाया तोच.

अँकी (२००६ पासून आहे, नाव जपानी, अर्थ पाठांतर) एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ अशी कार्डं दाखवतं आणि सगळा हिशोब स्वतःच ठेवतं. कुठलं कार्ड चार दिवसांनी, कुठलं महिन्याने, आपल्या डोक्याला ताप नाही. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवाल्यांना पैसे पडतात. पीएमटीत उभ्याउभ्या वीस कार्डं सहज होतात.

डबा म्हणजे लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये मांडलेली पद्धत. माझा डबा काजूकतलीचा रिकामा खोका, आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे, आणि चिठ्ठ्या म्हणजे घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, असं लांबत लांबत पाचवा मी महिन्यातून एकदा काढतो.

आता माझं घोडं कुठे अडलं ते सांगतो. अँकीत बटणं चार, अगेन, हार्ड, गुड, इझी. आणि जर्मन शब्दाचा नुसता अर्थ येऊन भागत नाही, डेर-डी-डास पण लागतं, म्हणजे शब्दाचं लिंग दाखवणारं आर्टिकल. आपल्याला तो-ती-ते ची जन्मापासून सवय, पण इथे तिचा उपयोग शून्य कारण वाटण्याच वेगळ्या. चमचा तो, तिकडेही डेर ल्योफेल, ठीक. काटा पण तो, तर तिकडे डी गाबेल. सुरी ती, तर तिकडे डास मेसर (हा डास खरोखर चावतो). तर मला गाबेल म्हणजे काटा हे बरोबर यायचं, डी काही आठवायचं नाही, मग अगेन दाबवायचं नाही, अर्धं तर आलंय ना म्हणून मी हार्ड दाबायचो. आणि अँकीच्या लेखी हार्ड म्हणजे पास! नापास फक्त अगेन. त्यामुळे कार्ड दर वेळी थोडं थोडं पुढे सरकत राहिलं, मीही खूश. मग एक दिवस क्लासमध्ये जेवणाचं टेबल मांडायचा संवाद करायला लावला आणि मी तिन्ही वस्तूंना डेर लावून मोकळा झालो. ॲपमध्ये मात्र तिन्ही कार्डं थेट तीन आठवड्यांनंतर येणार होती.

चूक माझीच, अँकीची नाही, मान्य. दोनच बटणं वापरायची असं बरेच जण करतात, मीही ठरवलं होतं, आठवडाभर टिकलं, अंगठ्याला वळण लागलेलं होतं ना. डब्यात 'थोडंसं आलं' असा कप्पाच नाही. चौथ्यात पोचलेली चिठ्ठी नुसत्या आर्टिकलपायी पहिल्यात टाकताना जी चिडचिड होते, मला वाटतं ती चिडचिडच लक्षात राहते. डी गाबेल तीनदा मागे आली, आता झोपेत विचारा.

डबा काही गुणाचा पुतळा नाही. एका चिठ्ठीवर चहा सांडला तर पुढे डाग बघूनच उत्तर यायला लागलं, ती नव्याने लिहावी लागली. प्रवासात नेता येत नाही, आणि सातआठशे चिठ्ठ्यांनंतर खोक्याचं झाकण लागेना. जपानीची कांजी (चिनी वळणाची अक्षरं) किंवा मेडिकलचं काही असेल, म्हणजे हजारांच्या घरात, तर निमूट अँकी घ्या. पण ए१-ए२ला (सुरुवातीच्या पातळ्यांना) असाल आणि माझ्यासारखा स्वतःला सूट द्यायचा स्वभाव असेल तर निदान दोन महिने डबा करून बघा असं मी म्हणेन.

फक्त पत्रिका कापायच्या आधी वरचा गणपती वेगळा काढून ठेवा, आई ओरडते.