जळगावचं ‘क्वांटम प्रकाशाने अणू मोजा’ शिबिर : फी वसूल, बॅनर सोडून

रिंगरोडला एका क्लासच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी जे दिवसभराचं शिबिर झालं ना, त्याबद्दल ग्रुपवर बरेच जण विचारून राहिले म्हणून एकदाच लिहून टाकतो. आयोजकांचं नाव टाकत नाही, बॅनर ज्यांनी बघितलं त्यांना कळेलच. माझा धंदा सराफ बाजारात काटे दुरुस्तीचा, मिलीग्रॅमवरून भांडणं रोज ऐकतो, त्यामुळे मोजमाप कुठपर्यंत बारीक होऊ शकतं असा विषय म्हटला की मी जाणारच.

आधी तक्रार. बॅनरवर ‘क्वांटम प्रकाशाने अचूकतेच्या सर्व मर्यादा पार!’ असं ठळक छापलेलं. साफ खोटं आहे भो, आणि मजा म्हणजे शिकवणाऱ्या सरांनीच सुरुवातीला ते खोडून काढलं. साध्या लेसरमधले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आपापल्या मर्जीने येतात, त्यामुळे १०,००० मोजले तर १०० इकडेतिकडे होणारच, म्हणजे एक टक्का. दहा लाख मोजले तर हजार, म्हणजे ०.१ टक्का. अचूकता दहापट पाहिजे तर प्रकाश शंभरपट लागतो, ही झाली स्टँडर्ड क्वांटम लिमिट. फोटॉन एकमेकांत गुंतवून पाठवले तर हा हिशोब फोटॉनच्या संख्येच्या (N) वर्गमुळाचा न राहता सरळ N चा होऊ शकतो, त्याला हायझेनबर्ग लिमिट म्हणतात. म्हणजे एक भिंत ओलांडली तरी पुढे दुसरी उभीच.

दिवसातला सगळ्यात भारी भाग म्हणजे टेबलावरचा प्रयोग. लेसरचा किरण अर्धा प्रकाश आरपार सोडणाऱ्या आरशावर टाकून दोन भाग केले, दोन्हीकडे डिटेक्टर, आणि ऑसिलोस्कोपवर (सिग्नलची रेषा दाखवणारं यंत्र) दोघांची वजाबाकी. वजाबाकी चालू केल्याबरोबर लेसरचं स्वतःचं हलणं, ट्यूबलाइटची फडफड, सगळं गायब झालं, पण रेषेवर एक बारीक केसाळ थर तसाच राहिला. सरांनी वायर हलवली, अॅम्प्लिफायर बदलला, तो थर काही जाईना. मग प्रकाश चौपट केला तर थर दुप्पटच जाड झाला, मोजून दाखवलं. तो फोटॉनचा गोंगाट, म्हणजे वर सांगितलेलं तेच इकडेतिकडे होणं. काट्यात पंखा बंद केला की आकडा स्थिर होतो, इथे बंद करायला काही उरतच नाही.

मग अमळनेरहून आलेल्या एका पोरीने बरोब्बर विचारलं, ‘सर, मग प्रकाशच वाढवत जायचा ना, अडचण काय?’ तिथे खरा विषय सुरू झाला. रुबिडियम या धातूची वाफ भरलेली काचेची कुपी होती, तिच्यात ७८० नॅनोमीटरचा लेसर सोडला, डोळ्याला जेमतेम दिसत होता पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात कुपीत जांभळट पट्टा उजळलेला. प्रत्येक फोटॉन गिळून परत टाकताना अणूला धक्का बसतो, रुबिडियमला एका फोटॉनचा धक्का सेकंदाला सुमारे ६ मिलिमीटर वेगाचा, आणि जोरदार प्रकाशात असे धक्के सेकंदाला जवळपास दोन कोटी बसू शकतात. म्हणजे जास्त स्पष्ट बघायला जावं तर जे बघतोय तेच हलून, तापून, पळून जातं. म्हणून कमी फोटॉनमध्ये जास्त माहिती काढायची, आणि क्वांटम प्रकाशाचं, म्हणजे गोंगाट कमी केलेल्या प्रकाशाचं, काम नेमकं इथे आहे.

स्क्वीझ्ड, म्हणजे दाबलेल्या, प्रकाशाचं सरांनी छान सांगितलं. प्रकाशाच्या एका बाजूचा (समजा तेजाचा) गोंगाट दाबला की दुसऱ्या बाजूचा (लाटेच्या ठेक्याचा) फुगतो, आपल्याला मोजायची तीच बाजू दाबायची. कार्लटन केव्ह्ज या भौतिकशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये इंटरफेरोमीटरसाठी (दोन किरण एकमेकांवर टाकून बारीक अंतर मोजणारं यंत्र) हे सुचवलं, १९८५ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये असा प्रकाश पहिल्यांदा बनला तोही सोडियमच्या अणूंमधूनच. आज गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगो वेधशाळेत तो वापरतात, आणि लायगो-इंडिया आपल्याच महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होतंय हे ऐकून हॉलमधली अर्धी पोरं जागी झाली.

पण खरी मेख नुकसानीत आहे. गोंगाट साध्या प्रकाशाच्या एकदशांशावर आणलेला प्रकाश रस्त्यात निम्मा हरवला, काचेत, लेन्सवर, डिटेक्टरमध्ये कुठेही, तर गोंगाट परत ०.५५ वर येतो. हरवलेल्याच्या जागी परत साधा प्रकाश मिसळल्यासारखंच होतं ते. एवढी मेहनत, आणि एक घाणेरडी लेन्स निम्मी कमाई खाते! हे मला जाम आवडलं, कारण बॅनरवाले हे कधीच छापणार नाहीत.

कमी पडलं ते शेवटी. अणूंचा स्वतःचा गोंगाट हा भाग पाच मिनिटांत उरकला, तो खरं तर तासभर पाहिजे होता. एक लाख अणू दोन अवस्थांत अर्धे-अर्धे ठेवले तरी बघितल्यावर इकडचे-तिकडचे यातला फरक दरवेळी साधारण ३१६ ने हलतो. म्हणजे प्रकाश कितीही चांगला केला तरी अणूच डोलतात. त्यांनाही गुंतवून तो गोंगाट दाबायची कल्पना डेव्हिड वाइनलँड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने १९९० च्या दशकात मांडली, त्यांनाच २०१२ चं नोबेल सर्ज हारोश यांच्यासोबत मिळालं. अणुघड्याळांपर्यंत तर सर पोहोचलेच नाहीत, सिझियम अणूच्या ९,१९२,६३१,७७० स्पंदनांवर सेकंद ठरतो एवढं सांगून स्लाइड बंद. शिवाय ‘डेसिबल’ (गोंगाट किती पट कमी-जास्त झाला ते सांगायचं माप) हा शब्द दहा वेळा आला आणि एकदाही उलगडला नाही, बारावीची पोरं एकमेकांकडे बघत होती.

स्क्वीझ्ड प्रकाश प्रत्यक्ष दाखवला नाही, ते मी धरत नाही, ती मशिनरी क्लासच्या टेबलावर येणारी नाही. पण मग बॅनरवर ‘प्रत्यक्ष पाहा’ कशाला छापता? जेवण मात्र नंबर एक, भरीत-भाकरी आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यामुळे दुपारनंतर अर्धा हॉल पेंगला होता.

पाचपैकी चार. बीएस्सी फिजिक्सवाल्यांनी आणि शाळेतल्या सायन्सच्या सर-मॅडमांनी पुढच्या बॅचला जरूर जावं, पुढच्या दोन रांगांतच बसावं कारण ऑसिलोस्कोपचा पडदा छोटा आहे आणि मागून तो केसाळ थर दिसतच नाही. क्वांटमचा मंत्र शिकून धंदा वाढवायचा असेल तर पैसे वाचवा.