आधी ‘द टॉल टी’ बघावा की ‘राइड लोनसम’?

वेस्टर्न, म्हणजे घोडेस्वार-बंदूकधाऱ्यांचे चित्रपट म्हटलं की जॉन फोर्ड आणि सर्जिओ लिओने हे दिग्दर्शक लगेच आठवतात. बड बेटिकर सहसा कुणाला आठवत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरुणपणी मेक्सिकोत बैलझुंज शिकलेल्या या दिग्दर्शकाने १९५६ ते १९६० या काळात रँडॉल्फ स्कॉट या नटाला घेऊन सात वेस्टर्न केले. त्यातले हे दोन तर कधीही पुन्हा बघावेत असे. दोन्हींचा लेखक बर्ट केनेडी, छायालेखक चार्ल्स लॉटन ज्युनिअर, चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनच्या खडकाळ टेकड्यांत. लांबी सव्वा तासाच्या आसपास. मग निवडायचा कुठला?

‘द टॉल टी’ (१९५७) एल्मोर लिओनार्डच्या कथेवर बेतलेला आहे. सुरुवात अगदी हसतखेळत होते. स्कॉट पैजेत घोडा हरतो आणि खोगीर खांद्यावर टाकून पायी निघतो. एका लहान मुलाने मागितलेली पट्ट्यापट्ट्यांची गोळी त्याने आठवणीने घेतलेली असते. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण ती गोळी डोक्यातून जात नाही. रिचर्ड बूनने रंगवलेला दरोडेखोर फ्रँक अशर हा या चित्रपटाचा प्राण. सोबतच्या दोन पोरांना तो विटलाय. स्कॉटला तो जिवंत ठेवतो, कारण बोलायला बरोबरीचं माणूस हवंय. आपलंही काही असावं, असं त्याला वाटतं; स्कॉटसारखं जगणं त्याला हवंय, पण हात केव्हाच रक्ताने माखलेत. खलनायकाबद्दल इतका जीव तुटलेला मी क्वचित अनुभवलाय.

‘राइड लोनसम’ (१९५९) अधिक कोरडा. स्कॉट एका खुन्याला पकडून नेतोय, पण पाठलाग होत असताना उघड्या माळावरून, जराही घाई न करता. का, हे हळूहळू कळतं. सोबत आलेल्या सॅम बूनला तोच कैदी हवाय, कारण त्याला हवाली केलं तर जुने गुन्हे माफ होणार आहेत. स्कॉटबद्दल त्याला आदर आहे आणि त्याला मारावं लागेल हेही ठाऊक आहे. सॅम झालेल्या पर्नेल रॉबर्ट्सने ही घालमेल सुरेख दाखवली आहे. जेम्स कोबर्नचा हा पहिला चित्रपट. ली व्हॅन क्लीफ अगदी थोडा वेळ दिसतो.

चित्रपट म्हणून मला ‘राइड लोनसम’ सरस वाटतो. सिनेमास्कोपची रुंद चौकट, तिच्यात मुंगीएवढे घोडेस्वार आणि ते एकटं वठलेलं झाड. पण वेस्टर्नची सवय नसेल, तर तो संथ वाटायची शक्यता आहे. माणसं आणि संवाद आवडत असतील तर ‘द टॉल टी’च आधी बघा. दुसऱ्या दिवशी ‘राइड लोनसम’ लावा, घरातल्या सर्वांत मोठ्या पडद्यावर. ते झाड मोबाइलवर बघू नका.