आयरिश पूर्वजांचा शोध: फुकटातली कोणती नोंद आधी उघडावी?

पणजोबांचं नाव पॅट्रिक मर्फी आणि ते कॉर्कचे, एवढ्याच भांडवलावर बहुतेकांचा शोध सुरू होतो. अशी आडनावं आपल्याकडच्या अँग्लो-इंडियन घरांतही भेटतात. इंग्रजी फौजेतून आयरिश शिपाई मोठ्या संख्येने इथे आले. रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स ही पलटण तर १८८१मध्ये बॉम्बे आणि मद्रास फ्युझिलियर्स एकत्र करूनच बनली. फुकटात बघता येणाऱ्या नोंदी आता भरपूर आहेत, त्यामुळे सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की नागरी नोंदणीपासून, म्हणजे जन्म, विवाह आणि मृत्यूच्या सरकारी नोंदींपासून करावी. चर्चच्या जुन्या वह्यांचा मोह सगळ्यांनाच होतो, पण गाव ठाऊक नसताना त्या उघडल्या तर डोळे शिणण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

नागरी नोंदी ‘आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत. सर्वांसाठी सक्तीची नोंदणी १८६४ला सुरू झाली. कॅथलिक नसलेल्यांचे विवाह १८४५पासून मिळतात. जन्माची नोंद १०० वर्षांनी, विवाहाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षांनी खुली होते. नाव टाकून शोधलं की थेट रजिस्टरच्या पानाचं चित्र उघडतं. जन्माच्या एका ओळीत बाळाचं नाव, जन्मतारीख, जागा, वडिलांचं नाव आणि धंदा, आईचं माहेरचं आडनाव आणि खबर देणाऱ्याची सही असते. सही येत नसेल तिथे फुली. यातलं आईचं माहेरचं आडनाव सोन्यासारखं जपा. पॅट्रिक मर्फी ढिगाने सापडतील, पण आई सुलिव्हन घराण्यातली असलेले मोजकेच. जुन्या वर्षांच्या यादीत हे आडनाव दिसत नाही, त्यासाठी पान उघडावंच लागतं. विवाहाच्या नोंदीत वधू-वर दोघांच्याही वडिलांची नावं असल्यामुळे एका ओळीत एक पिढी मागे जाता येतं. मृत्यूची नोंद सगळ्यांत दुबळी, कारण तिच्यात आईवडिलांची नावंच नसतात.

एक खबरदारी घ्या. यादीत जो जिल्हा दिसतो तो नोंदणीचा जिल्हा असतो आणि तो दोन काउंट्यांत, म्हणजे आयर्लंडच्या मोठ्या प्रशासकीय विभागांत, पसरलेला असू शकतो.

चर्चच्या वह्यांची खरी गरज १८६४च्या मागे जाताना लागते. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या, वह्यांची चित्रं २०१५मध्ये खुली केली, बहुतेक १८८०पर्यंतची. पण त्या संकेतस्थळावर नावाने शोधता येत नाही. नकाशावर पॅरिश निवडायची, वर्ष निवडायचं आणि पानं चाळायची. पुष्कळ नोंदी लॅटिनमध्ये, म्हणजे जेम्सचा जेकोबस आणि विल्यमचा गुलिएल्मस झालेला. पश्चिमेकडच्या अनेक पॅरिशच्या वह्या तर १८२०नंतरच सुरू होतात. घराणं डब्लिन, केरी, कार्लो किंवा कॉर्कच्या काही भागातलं असेल तर नशीबवान समजा, कारण तिथल्या चर्चनोंदी वरच्या सरकारी संकेतस्थळावरच नावाने शोधता येतात.

दोन्हीकडे तोच माणूस सापडला तर कधी कधी बाप्तिस्मा जन्माच्या आधीचा निघतो! जन्म उशिरा नोंदवला की दंड होता, म्हणून आईबाप तारीख पुढची सांगत. अशा वेळी मी बाप्तिस्म्याची तारीख धरते.

जनगणना ही तिसरी नोंद, आणि वाचायला सर्वांत जिवंत. १९०१ आणि १९११ या दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्याआधीच्या जवळपास गेल्याच: १८६१ ते १८९१च्या सरकारनेच नष्ट केल्या आणि १८२१ ते १८५१च्या बहुतेक १९२२मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्‌सला लागलेल्या आगीत जळाल्या. १९११चा अर्ज जरूर बघा. विवाहित बाईच्या नावापुढे लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली आणि किती हयात आहेत हे तीन आकडे असतात. ‘जन्मली ११, हयात ६’ असं दिसलं की उरलेली पाच मुलं कुठे शोधायची ते कळतं. वयावर मात्र विसंबू नका. सत्तरीनंतरचं पेन्शन १९०९च्या जानेवारीत सुरू झालं आणि १९०१मध्ये पंचावन्न सांगणारे अनेक जण १९११मध्ये सत्तरीच्या पुढे गेलेले दिसतात. नाती आणि घरातली माणसं पाहायला जनगणना उत्तम, जन्मवर्षासाठी नाही.

पूर्वज १९०१च्या आधीच देश सोडून गेला असेल तरी जनगणना वगळू नका. मागे राहिलेली भावंडं आणि म्हातारे आईबाप तिथे असतात.

ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, म्हणजे १८४७ ते १८६४ची जमीन-घरांची आकारणी, ‘आस्क अबाउट आयर्लंड’वर नकाशांसह मिळते. सातबाऱ्यावरच्या कुळासारखं तिथे कसणाऱ्याचं नाव आणि शेजारी जमीनदाराचं. बायकामुलं नाहीत. त्यामुळे टाउनलँड, म्हणजे जमिनीचा सर्वांत छोटा विभाग, आधीच कळला असेल तरच हिचा उपयोग.

घराणं उत्तरेकडच्या सहा काउंट्यांतलं, म्हणजे आजच्या उत्तर आयर्लंडमधलं असेल तर १९२१पर्यंतचे जन्म वरच्याच सरकारी संकेतस्थळावर मिळतात; पुढच्यांसाठी बेलफास्टच्या नोंदणी कार्यालयाला शुल्क द्यावं लागतं. तिथल्याच ‘प्रोनी’ या अभिलेखागाराची मृत्युपत्रं आणि आकारणीच्या फेरतपासणीच्या वह्या मात्र फुकट आहेत.

पूर्वज शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला असेल तर क्रम उलटा करा. त्याची जन्माची पॅरिश बहुधा पलटणीच्या निवृत्तीच्या कागदांत लिहिलेली असते, आणि ‘फिबिस’ या संस्थेची ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांची सूची फुकट शोधता येते. तिथून गाव हाती आलं की मगच आयर्लंडच्या वह्यांकडे वळा.