सेंटर-बॅक की फुल-बॅक?
फुटबॉलमध्ये १६-१७ व्या वर्षी बचावफळीत जागा ठरवताना, म्हणजे गोलसमोर मध्यभागी (सेंटर-बॅक) की कडेला (फुल-बॅक), प्रशिक्षक आधी उंची बघतात. तेवढ्यावर ठरवू नये. इटलीचा बचावपटू कान्नावारो जेमतेम पावणेसहा फुटांचा, पण उडीची वेळ अचूक; सेंटर-बॅक असून २००६ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याने मिळवला.

खरा फरक दमाचा आहे. फुल-बॅक कडेने सतत वर-खाली धावतो, त्यात मांडीमागचा स्नायू दुखावतो, आणि वेग घटला की विंगर (समोरच्या संघाचा कडेने चाल करणारा खेळाडू) निसटलाच. सेंटर-बॅकला पळणं कमी. पण हवेतल्या टकरी जास्त आणि एक चूक म्हणजे थेट गोल.

कारकीर्दीची लांबी? जर्मनीचा फुल-बॅक लाम ३३ व्या वर्षी थांबला. फुल-बॅक म्हणून सुरुवात केलेला इटलीचा मालदिनी पुढे मध्यभागी सरकला आणि २००९ पर्यंत, चाळिशीतही खेळला.

दम आणि क्रॉस (कडेवरून गोलसमोर दिलेला पास) चांगला असेल तर फुल-बॅक; हेडर (डोक्याने चेंडू मारणं) आणि अंदाज पक्का असेल तर सेंटर-बॅक. दोन्ही असेल, तर कडेने सुरुवात करून तिशीत आत सरकावं.