पेट्रोल विमान झटके देतंय: ७२ चा जुना रेडिओ सांभाळायचा, २.४ घ्यायचा, की इंजिनच उतरवायचं?

बडोद्यात रेडिओ रिमोटने उडवायचं, पेट्रोलवर चालणारं मोठं मॉडेल विमान घरात येतं ते बहुतेक वेळा परदेशातल्या नातेवाइकाच्या सामानातून. न्यू जर्सीचे काका घर आवरायला काढतात आणि २६ सीसीचं झेनोआ इंजिन, त्याभोवतीचं सहा-सात किलोचं विमान आणि ७२ मेगाहर्ट्झचा जुना फुटाबा रेडिओ असा ऐवज दांडिया बाजारातल्या माळ्यावर येऊन पडतो. काही वर्षांनी पुतण्या ते खाली काढतो. इंजिन बंद असताना सगळे सर्व्हो (विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटर) शहाण्यासारखे चालतात. इंजिन सुरू झालं की रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, अंगात आल्यासारखं हलायला लागतं.

आमच्या घरी हेच झालं. त्याआधी माझ्या स्वतःच्या विमानावरही असंच काहीसं झालं होतं, त्यामुळे दोन्हीकडचा अनुभव जमेला आहे. समोर तीन वाटा असतात. इंजिनाची ठिणगी गप्प करून जुना रेडिओ चालवायचा, इंजिन ठेवून रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा घ्यायचा, किंवा पेट्रोल सोडून विमान बॅटरीवर न्यायचं. मी दुसऱ्या वाटेचा माणूस आहे. पण पहिल्या वाटेवरचं निम्मं काम दुसऱ्या वाटेवरही करावंच लागतं, आणि ते न करता नवा रेडिओ लावून विमान जमिनीत घालवलेले लोक मी पाहिलेत.

पैसे काढण्याआधी एक संध्याकाळ द्या. झटका रेडिओतून येतोय की दुसरीकडून, हे कळल्याशिवाय तिन्ही वाटांची तुलना करण्यात अर्थ नाही.

ट्रान्समीटरची, म्हणजे हातातल्या रिमोटची, अँटेना पूर्ण आत ढकला, इंजिन बंद ठेवा आणि विमानापासून चालत लांब जा. सर्व्हो थरथरायला लागले की थांबा, पावलं मोजून लिहून ठेवा. मग इंजिन सुरू करा. एकाने शेपटीकडून विमान घट्ट धरायचं, पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. मंद, अर्धा आणि पूर्ण अशा तिन्ही थ्रॉटलवर पुन्हा चाला. चाळीस पावलांची छत्तीस झाली तर मी उडवतो. चाळीसची वीस झाली तर ठिणगीचा आवाज, म्हणजे तिची रेडिओ-खरखर, विमानातल्या रिसीव्हरमध्ये शिरतोय हे नक्की. इंजिन बंद असतानाच पंधरा पावलांत दम लागत असेल, तर इंजिनाला दोष देऊ नका. रिसीव्हर, त्याची अँटेना किंवा बॅटरी बघा.

आता सगळ्यात कामाची खूण. इंजिन चालू ठेवून ट्रान्समीटर विमानाशेजारी आणा. ठिणगीचा त्रास असेल तर जवळच्या जोरदार सिग्नलपुढे तो दबतो आणि थरथर थांबते. दोन हातांवरूनही सर्व्हो उडत असतील तर तो रेडिओचा प्रश्न नाही. कंपनाने सैल झालेलं कनेक्टर, घासलेला सर्व्होचा पॉट (जागा मोजणारा आतला भाग), मरायला टेकलेली बॅटरी किंवा स्विच, यांपैकी काहीतरी आहे. थरथर एका ठरावीक आरपीएमलाच येत असेल तर कंपनाचा संशय आणखी पक्का.

मला ही खूण उशिरा कळली. माझ्या डीएलई-३० या पेट्रोल इंजिनाच्या विमानाचे एलेरॉन (पंखांच्या कडेच्या हलत्या फळ्या) फडफडायचे. मी प्लग बदलला, त्याची कॅप बदलली, इग्निशनच्या (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) डब्याला स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी रिसीव्हरचा स्विच हातात धरून नुसता हलवला आणि एलेरॉन नाचले. एका दुकानातून घेतलेला साधा सरकता स्विच, आत धुराड्याच्या तेलाचा राप चढलेला. बायको अजून त्या फॉइलचा हिशोब मागते.

आता वाटा बघू.

जुना रेडिओ सांभाळायचा असेल तर

आधी तुमच्या इंजिनावर कुठली इग्निशन आहे ते बघा, कारण दोन्हींची दवा वेगळी. काकांच्या झेनोआवर मॅग्नेटो होता: चाकातलं चुंबक कॉइलसमोरून जातं आणि ठिणगी पडते, बॅटरी लागत नाही. अशा इंजिनात प्लगची तार बहुधा उघडी, कवच नसलेली असते. इथे पहिला उपाय रेझिस्टर प्लग. एनजीके कंपनीच्या प्लगच्या क्रमांकात ‘आर’ असला तर आत रेझिस्टर असतो. बीपीएमआर-६-एफमध्ये आहे, सीएम-६ मध्ये नाही. दुसरा उपाय इंजिन बंद करण्याच्या तारेचा. मॅग्नेटोची ही तार लोक लांबवत कॉकपिटपर्यंत नेतात, आणि ती छान अँटेना होऊन ठिणगीचा आवाज थेट रिसीव्हरच्या अंगणात पोचवते. तार आखूड ठेवा, स्विच पुढेच बसवा.

डीएलईसारख्या इंजिनांवर सीडीआय ही इलेक्ट्रॉनिक इग्निशन असते: वेगळी बॅटरी, इलेक्ट्रॉनिक डबा, पंख्याच्या हबजवळ चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर, आणि धातूच्या जाळीने वेढलेली प्लगची तार. इथे प्लग बनवणाऱ्याने सांगितलेलाच ठेवा. आवाज अडवण्याचं काम ती जाळी करते. जाळीचं टोक कॅपच्या कड्यातून प्लगच्या षट्कोनाला घट्ट टेकलेलं हवं. कडं सैल पडलं की मधल्या फटीत बारीक ठिणग्या उडू लागतात आणि इंजिन चालतं-फिरतं प्रसारण केंद्र होतं.

ही गळती डोळ्यांनी दिसते. रात्री पंखा काढा, टाकी उतरवून लांब ठेवा, पेट्रोलचा वास पूर्ण जाऊ द्या. प्लग इंजिनातून काढून कॅपमध्ये बसवा आणि त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवून ठेवा. हे टेकवणं विसरलात तर ठिणगीला वाट मिळत नाही आणि सीडीआयचा डबा आतून जळू शकतो. दिवा मालवून दुसऱ्याला हब हाताने फिरवायला सांगा. प्लगच्या टोकाला ठिणगी दिसणारच. बघायचं ते कॅपच्या मुळाशी. माझ्या एका जुन्या कॅपच्या कड्याखाली निळसर केसाएवढी रेघ दर फेरीला लुकलुकत होती. कडं चिमट्याने थोडं आवळलं, कॅप दाबून बसवली, रेघ गेली.

अंधार नको असेल तर आजोबांचा ट्रान्झिस्टर काढा. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांमधली मोकळी जागा लावायची आणि हब फिरवताना रेडिओ तारेच्या बाजूने सरकवायचा. दर फेरीला ‘टक्’ ऐकू येतं, आणि जिथे ते एकदम मोठं होतं तिथे हात घालायचा. एफएमवर हे नीट जमत नाही, कारण एफएमचा रिसीव्हर असल्या खरखरीला बराचसा गाळून टाकतो.

उरलेलं सगळं अंतराचं गणित. इग्निशनचा डबा, त्याची बॅटरी आणि स्विच एका बाजूला. रिसीव्हर, त्याची बॅटरी आणि सर्व्हो दुसऱ्या बाजूला. मध्ये किमान ३० सेंटिमीटर. दोघांची बॅटरी एकच नको. थ्रॉटलची सळई धातूची असेल तर ती बदलून नायलॉनची घाला. कार्ब्युरेटरच्या धातूच्या दांड्यावर धातूचा क्लेव्हिस (सळईच्या टोकाचा जोड) घासला की तेवढ्यानेही ७२ वर खरखर येते, शिवाय सळई इंजिनाचा आवाज मागे सर्व्होपर्यंत वाहून आणते. रिसीव्हरची सुमारे मीटरभर तार कापू नका, गुंडाळू नका, सर्व्होच्या तारांना समांतर नेऊ नका. सरळ शेपटीपर्यंत न्या. पंखातल्या लांब तारांना पीळ द्या, रिसीव्हरजवळ फेराइटच्या कड्यातून दोन-तीन वेढे घ्या.

यात पैसे फारसे जात नाहीत, रविवार जातात. आणि एवढं करूनही ७२ ची एक अडचण उरते. तो पट्टा अमेरिकेतल्या मॉडेल विमानांचा, ११ ते ६० अशा पन्नास चॅनलांचा. मैदानावर तुमच्याच चॅनलवर दुसऱ्या कुणी ट्रान्समीटर चालू केला की विमान गेलं. त्याचे चॅनल ठरवणारे क्रिस्टल आता मिळणं कठीण. आपल्याकडे २.४ चा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, ७२ चा तसा मोकळा केलेला नाही. सहा-सात किलोचं विमान आणि पुढे सतरा-अठरा इंची पंखा असताना एवढ्या ‘पण’ घेऊन उडवायला मी तयार नाही.

२.४ वर गेलं तर

ठिणगीचा आवाज खालच्या फ्रिक्वेन्सींवर जाड असतो, वर जाताना विरळ होत जातो. २.४ गिगाहर्ट्झपर्यंत त्यात फारसा जीव उरत नाही. वर हे रेडिओ एका चॅनलवर बसून राहत नाहीत, सिग्नल पसरून किंवा चॅनलावरून चॅनलावर उड्या मारत पाठवतात, त्यामुळे दुसऱ्याच्या ट्रान्समीटरची भीतीही गेली. स्पेक्ट्रम कंपनीचे डीएक्स६, डीएक्स७ हे रेडिओ २००५-०६ च्या सुमारास आले आणि कुणाचा चॅनल चालू आहे हे दाखवणारे मैदानावरचे चिमटे खिशात गेले.

पण वागण्यातला एक फरक विकत घेण्याआधी समजून घ्या. जुना साधा पीपीएम (अॅनालॉग पद्धतीचा) रेडिओ त्रास झाला की तक्रार करतो: सर्व्हो थरथरतात, विमान अंग झटकतं, तुम्ही सावध होऊन उतरवता. पीसीएम (जुना डिजिटल) त्याहून घुम्या, तो शेवटची हालचाल धरून बसतो किंवा फेलसेफमध्ये, म्हणजे आधी ठरवून ठेवलेल्या जागी, जातो. २.४ शेवटच्या क्षणापर्यंत गुळगुळीत चालतो आणि सुटला की पूर्ण सुटतो. म्हणून फेलसेफ लावल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका: सिग्नल गेला तर थ्रॉटल मंद व्हायला हवं किंवा इंजिन बंद पडायला हवं. बाइंड करताना (ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडी जमवताना) थ्रॉटलची दांडी खाली आहे ना ते बघा, कारण बऱ्याच सेटमध्ये त्याच क्षणाची जागा फेलसेफ म्हणून लक्षात राहते. नंतर चाकं बांधून ट्रान्समीटर बंद करा आणि काय होतं ते डोळ्यांनी बघा.

२.४ मध्ये ज्याला लोक ‘इंटरफिअरन्स’ म्हणतात ते पुष्कळदा व्होल्टेज असतं. पाच-सहा सर्व्हो एकदम ओढले की दमलेली ४.८ व्होल्टची बॅटरी क्षणभर कोसळते. त्यात रिसीव्हर बंद पडून पुन्हा उठतो. उठायला दोन सेकंद लागले तरी खाली उतरताना तेवढे पुरतात. पाच सेलची ६ व्होल्टची निकेल बॅटरी किंवा दोन सेलची ६.६ व्होल्टची लिथियम-फेरस घ्या, आणि स्विच चांगला घ्या. काकांच्या खोक्यातले ४.८ व्होल्टचे जुने सर्व्हो ७.४ च्या लिपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) थेट जोडू नका, जळतील. जुन्या एअरट्रॉनिक्सच्या सर्व्होच्या तारांचा क्रमही वेगळा असतो, तो तपासून मगच नव्या रिसीव्हरला लावा.

अँटेनाचं कामाचं टोक ३१ मिलिमीटरचं असतं. दोन टोकं असतील तर एकमेकांशी काटकोनात, इंजिन, टाकी, बॅटरी आणि कार्बन फायबरच्या आडोशापासून दूर. रेंज चेक, म्हणजे ती पावलांची चाचणी, इथेही इंजिन चालू ठेवूनच: रेडिओचं रेंज-चेकचं बटण दाबून साधारण तीस पावलं. इंजिन चालू-बंद यात फरक पडला तर पुन्हा त्या कॅपकडे जा. ठिणगी हवेतून रिसीव्हरपर्यंत पोचत नसली तरी सामाईक तारेतून पोचू शकते.

बॅटरीवर नेलं तर

थोडक्यात सांगतो, कारण हा प्रश्न बहुधा मनाचा असतो. २६ सीसीचं इंजिन अडीच हॉर्सपॉवरच्या आसपासचं, म्हणजे सुमारे १,८०० वॅट. त्याला दहा सेलची लिपो, ३७ व्होल्टवर पन्नासेक अँपिअर. ५,००० मिलिअँप-तासांच्या पॅकवर आठ-दहा मिनिटं. पेट्रोलच्या ३०० मिलिलिटरच्या टाकीवर याच्या जवळपास दुप्पट. ठिणगी नाही, वास नाही, शेजारी खूश. पण मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा डबा), किमान दोन पॅक, चार्जर असा खर्च तिन्ही वाटांत सगळ्यात जास्त, आणि बडोद्याच्या मे महिन्यात गाडीत ठेवलेली लिपो मला झोपू देत नाही. शिवाय ही मोटर न सांगता फिरते; पेट्रोलच्या इंजिनाला निदान ढकलावं तरी लागतं. घरात इंजिनाचा गंध नको असेल, किंवा उडवणारा नवशिका असेल, तरच ही वाट.

कुठलीही वाट घ्या, मैदान नीट निवडा. हाय-टेन्शनच्या तारांखाली कुठलाच रेडिओ खूश नसतो. हरणीच्या विमानतळामुळे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा हवाई नकाशा आधी उघडा: विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा (आधी परवानगी न लागणारा) झोन मिळतो. आणि उत्तरायणाच्या आठवड्यात रेंज कितीही उत्तम असो, मांज्यापुढे ती चालत नाही.

पुतण्याने शेवटी इंजिन ठेवलं, नवा प्लग घातला, तार आखूड केली आणि २.४ घेतला. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने खडूने लिहिलंय: बंद ३४, चालू ३३. काकांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, माझ्या फुटाबाचं काय केलंस? त्याची अॅल्युमिनियमची पेटी आता प्लग आणि पाने ठेवायला आहे, आणि रेडिओ कापडात गुंडाळून परत माळ्यावर.