दुपारी पावणेदोनचं दव

कास पठारावरच्या एका फोटोखाली सरांनी लिहिलं होतं, ‘पहाटेचं दव’. फाईलमध्ये वेळ होती दुपारी 1.43. आणि ते दव नव्हतंच. ड्रॉसेराच्या पानावरच्या केसांच्या टोकाला असतो तो चिकट द्रव, किडे धरायचा. मराठीत या झाडालाच दवबिंदू म्हणतात, घोटाळा तिथूनच झाला असणार. मी ओळ बदलून दिली. सर म्हणाले, “ताई, तुम्ही नसता तर हसं झालं असतं!”

अशा कौतुकावर मी चार महिने काढले.

सह्याद्रीतल्या पावसाळ्यावर त्यांची फोटोंची मालिका होती. सुमारे 2,600 फ्रेममधून 60 निवडायच्या, क्रम लावायचा, ओळी लिहायच्या, शिवाय प्रत्येक भागाला छोटं टिपण. ठरले 40,000 रुपये. ठरले म्हणजे फोनवर. 5,000 आगाऊ आले आणि माझा विश्वास बसला. आता वाटतं, ते 5,000 त्यासाठीच होते. मधेच एकदा मी “दोन ओळींचं पत्र करूया का” म्हटलं, तर “आपल्यात कशाला कागद? हे दोघांचंच काम आहे,” असं उत्तर आलं. मला चक्क ओशाळल्यासारखं झालं.

शेवटचा मजकूर मी वर्ड फाईलमध्ये, पूर्णच्या पूर्ण पाठवला. ही माझी सगळ्यात मोठी चूक. त्यानंतर आधी प्रायोजकाचे पैसे अडकले, मग सरांच्या घरी लग्न निघालं, मग माझ्या मेसेजवरच्या निळ्या खुणाही यायच्या बंद झाल्या.

प्रदर्शन लागल्याचं एका मैत्रिणीकडून कळलं. तिकीट काढून गेले. दारातच मोठा फलक: ‘छायाचित्रे व लेखन’, खाली एकच नाव. आत शेकरूच्या फोटोखाली माझं टिपण शब्दन् शब्द छापलेलं, आणि त्याच्या शेवटी कंसात, ‘महिना सरांना विचारून घेणे’. मी स्वतःसाठी लिहिलेली नोंद, फ्रेम करून भिंतीवर! शेजारचे काका ती मोठ्यानं वाचून बायकोला विचारत होते, हे सर कोण?

ओळखीच्या वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न केला, “लेखी काय आहे?” कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लेखी आणि सही केलेलं असल्याशिवाय हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत. मी त्यांची नोकर नव्हते, म्हणजे मजकूर अजून माझाच. कलम 57 मुळे तर हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव मागता येतं. पण 40,000 ठरल्याचा पुरावा? फोनवरचं बोलणं हवेत गेलं होतं. माझ्याकडे होते ते तारखांसकट पाठवलेले मसुदे आणि 5,000 ची बँकेतली नोंद. त्यावर नोटीस गेली, नाव फलकावर आलं, तेही प्रदर्शन संपायला दोन दिवस असताना. पैसे नाहीत.

हल्ली मी रक्कम, हप्ते आणि नाव कुठे येणार, हे ई-मेलवर मान्य करून घेते आणि तोवर एकही फ्रेम उघडत नाही. मजकूर पीडीएफमध्ये, आडवं ‘मसुदा’ छापून जातो. वर्ड फाईल शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच. दोन कामं यामुळे हातची गेली.

मे महिन्यात सरांचाच फोन आला. आंबोलीच्या बेडकांवर नवीन मालिका करायची आहे, पाऊस सुरू व्हायच्या आत ठरवू म्हणाले. मी म्हटलं, ई-मेल करा. अजून आलेला नाही.