विजेवरची शिवाई : लांबच्या प्रवासासाठी कशी आहे?

1 जून 1948 रोजी पहिली एसटी ज्या पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, त्याच मार्गावर 1 जून 2022 पासून महामंडळाने विजेवरची वातानुकूलित शिवाई सुरू केली. पाठदुखी असलेल्यांनी लाल गाडीऐवजी आवर्जून शिवाई निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. डिझेल इंजिनाची घरघर आणि गाडी उभी असताना पायाखाली जाणवणारी थरथर येथे नसते, त्यामुळे उतरल्यावर अंग आंबून गेल्यासारखे वाटत नाही. पुशबॅक आसनाची पाठ मागे कलते. मात्र कंबरेच्या पोकळीत गुंडाळलेली शाल ठेवली, तर मणक्याला खरा आधार मिळतो.

आरक्षण करताना पुढच्या व मागच्या चाकांच्या मधली आसने घ्यावीत, कारण मागील चाकांच्याही मागे असलेल्या शेवटच्या रांगेत प्रत्येक खड्ड्याचा दणका कितीतरी अधिक बसतो. गाडी लागणाऱ्यांनी तर ही रांग टाळावीच. वातानुकूलनाचा झोत थेट मानेवर येत असेल, तर डोक्यावरची जाळी फिरवून तो बाजूला वळवता येतो; तरीही स्कार्फ जवळ असावा.

महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. थांब्यावर जेवण हलकेच घ्यावे आणि गाडी सुटेपर्यंत चार पावले चालून घ्यावीत, म्हणजे पायांना सूज येत नाही.